हम्बकरचं कव्हर बदलताना: धातू, डाख आणि मेण

प्रश्न असा आहे: लेस पॉल धाटणीच्या इलेक्ट्रिक गिटारवर दोन हम्बकर आहेत, म्हणजे तारांच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारे दोन-दोन कॉइलचे पिकअप. नेकच्या (गिटारच्या मानेजवळच्या) पिकअपच्या कव्हरला पोचा पडलाय आणि त्याचा मुलामा उडालाय. ब्रिजचा पिकअप मुळातच उघडा, काळ्या बॉबिनचा (कॉइलची तार गुंडाळलेल्या रिळांचा) आहे. दोन्हींवर एकसारखी निकलची कव्हरं बसवायची आहेत. आवाज बदलेल का, घरी जमेल का, आणि कव्हर बसवून घेतलेल्या काही गिटारी अँप मोठा केला की शिट्टी का मारतात?

घरी जमतं. आवाज बदलेल की नाही हे कव्हर कोणत्या धातूचं आहे त्यावर ठरतं, आणि शिट्टी वाजते ती कव्हर आणि कॉइल यांच्यामध्ये राहिलेल्या पोकळीमुळे. बहुतेक जण कव्हरकडे शोभेची वस्तू म्हणून बघतात आणि तिथेच फसतात. ते कव्हर चुंबकीय क्षेत्रात बसलेलं असतं, अर्थिंगला जोडलेलं असतं आणि तारांपासून दोन मिलिमीटरवर थरथरत असतं.

आधी धातू. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी 1955 साली हम्बकरच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1957 पासून हे पिकअप गिब्सनच्या गिटारींवर दिसू लागले. त्यांच्यावरचं कव्हर जर्मन सिल्व्हरचं होतं, वरून निकलचा मुलामा. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकल आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यात चांदी नसते. (आपल्याकडे घरात ॲल्युमिनियमच्या पातेल्याला 'जर्मनचं भांडं' म्हणतात, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. ॲल्युमिनियमचं कव्हर चुकूनही घेऊ नका. त्यातून वीज पितळेपेक्षाही सहज वाहते आणि त्यावर साधा डाख, म्हणजे सोल्डर, धरत नाही.) जर्मन सिल्व्हर घेण्यामागे कारण आहे. तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलतं, आणि त्या बदलत्या क्षेत्रात धातूचा पत्रा आला की पत्र्यातच भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरायला लागतात. ते आपली ऊर्जा सिग्नलमधूनच घेतात, आणि जितका स्वर उंच तितकी चोरी जास्त. धातू जितका चांगला वाहक, तितके हे प्रवाह जोरकस. पितळेची वाहकता जर्मन सिल्व्हरच्या साधारण चार ते पाच पट असते. म्हणून पितळेचं कव्हर बसवलं की वरचा चकचकीतपणा जातो आणि आवाजावर घोंगडी टाकल्यासारखं वाटतं. पातळ जर्मन सिल्व्हरमुळेही फरक पडतो, पण तो किरकोळ असतो: वरची टोकं किंचित मऊ होतात, इतकंच. तुमच्या ब्रिजच्या उघड्या पिकअपवर कव्हर चढवल्यावर हा फरक तिथेच थोडा जाणवेल. 1960 च्या दशकात अनेक वादकांनी कव्हरं उपटून टाकली ती याच थोड्याशा धारेसाठी.

बाजारातली स्वस्त कव्हरं बहुतेक पितळेची असतात आणि वरून क्रोम किंवा निकल असल्यामुळे बाहेरून ओळखू येत नाहीत. कव्हर उलटं करा, आतल्या बाजूला काठाजवळ सुईच्या टोकाने एक खोल ओरखडा काढा. पिवळं दिसलं तर पितळ, चंदेरी पांढरं दिसलं तर जर्मन सिल्व्हर. दुसरी चाचणी चुंबकाची. फ्रीजवर लावायचं साधं चुंबक कव्हरला घट्ट चिकटून लोंबकळलं तर आत लोखंडी पत्रा आहे; ते कव्हर परत करा, कारण ते पिकअपचं चुंबकीय क्षेत्रच वळवून घेतं. पण नुसती हलकीशी ओढ जाणवली म्हणून कव्हर टाकून देऊ नका. निकल स्वतः चुंबकाला ओढला जातो, आणि क्रोमच्या खालीही बहुधा निकलचा थर असतो. मुलाम्याची ती ओढ असते.

मग मापं, आणि ही घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. पिकअपवरचे सहा पोल स्क्रू असतात, त्यातल्या पहिल्याच्या मध्यापासून सहाव्याच्या मध्यापर्यंतचं अंतर व्हर्निअर कॅलिपरने मोजा. जुन्या गिब्सन धाटणीच्या पिकअपवर ते 49.2 मिलिमीटरच्या आसपास येतं. आजच्या अनेक संचांमध्ये नेकला 50 आणि ब्रिजला 52 असतं, ट्रेमोलो ब्रिजच्या (दांड्याने हलणाऱ्या ब्रिजच्या) गिटारींसाठी केलेल्या पिकअपवर 53 पर्यंत जातं. कव्हरंही याच मापांनी विकली जातात. दोन्ही पिकअपचं माप सारखंच असेल असं धरून जोडी मागवली की हमखास एक कव्हर वाया जातं. अर्ध्या मिलिमीटरचा फरक भोकं किंचित कानसून निभावता येतो. त्यापुढे स्क्रू तिरपे जातात आणि बॉबिनचे आटे खातात.

उघड्या पिकअपच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी तपासा. दुसऱ्या बॉबिनमधले सहा गुळगुळीत पोल, ज्यांना स्लग म्हणतात, ते बॉबिनच्या पृष्ठभागाशी सपाट आहेत का ते बोट फिरवून बघा. उघडे विकले जाणारे काही पिकअप कव्हरचा विचार न करता बनवलेले असतात. त्यांचे स्लग वर डोकावतात आणि कव्हर पूर्ण बसत नाही. हे स्लग ठोकून खाली दाबायचा मोह टाळा, आत चुंबक आहे आणि बाजूला केसाएवढी तार. दुसरं म्हणजे कॉइलभोवतीची काळी टेप. ती जाड असेल तर कव्हर अडतं. अशा वेळी टेप सोडवून पातळ टेपचा एकच वेढा देता येतो, पण तो उद्योग सावकाश करायचा. दोन्ही ओळींमध्ये षटकोनी स्क्रू किंवा अखंड पट्टी असलेल्या पिकअपवर नेहमीचं सहा भोकांचं कव्हर बसतच नाही.

एक सूचना इथेच. पिकअप खरोखर 1950-60 च्या दशकातला मूळ गिब्सनचा असेल, तर कव्हराला हात लावू नका. न उघडलेला मूळ डाख हा त्या पिकअपच्या किमतीचा मोठा भाग असतो, आणि एकदा तो तोडला की परत आणता येत नाही. नव्या पिकअपचीही वॉरंटी कव्हर काढल्यावर बहुधा संपते; आधी वाचून घ्या.

आता जुनं कव्हर काढणं. तारा सैल करून काढा. ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज तारांच्या ताणावरच बसलेला असतो, त्याला चिकटपट्टी लावून ठेवा. पिकअपच्या तारांच्या जोडण्यांचा फोटो काढा आणि पिकअप पूर्ण सोडवून टेबलावर घ्या. गिटारच्या अंगावर सोल्डरिंग करू नका. सोल्डरचा एक थेंब उडाला की लॅकरवर कायमचा डाग. काही करण्याआधी मल्टिमीटरवर रोध मोजून लिहून ठेवा. जुन्या धाटणीच्या पिकअपचा 7.5 ते 8.5 किलोओहम येतो, जोरकस ब्रिज पिकअपचा 13 ते 16 पर्यंत. हा आकडा शेवटी लागणार आहे.

सहाही पोल स्क्रू पूर्ण काढा, कारण त्यांची डोकी कव्हरच्या वर असतात. खालच्या बाजूचे चार छोटे पितळी स्क्रू मात्र अजिबात हलवू नका. बॉबिन त्यांनीच बेसप्लेटला, म्हणजे तळाच्या पत्र्याला, धरलेल्या असतात. पोल स्क्रू हरवला तर हाताला लागेल तो घालू नका. गिब्सनचे स्क्रू इंची आट्यांचे, 5-40 चे असतात, आशियात बनलेल्या अनेक पिकअपचे 3 मिलिमीटरचे. दोन्ही दिसायला सारखे, पण एकाच्या जागी दुसरा घातला की आटे जातात.

पिकअप उलटा केला की दोन लांब बाजूंच्या मध्यावर, कव्हरची भिंत आणि बेसप्लेट मिळतात तिथे, सोल्डरचे दोन गोळे दिसतील. ते वितळवून शोषून घेण्यापेक्षा कापणं सुरक्षित. बारीक दातांची करवत किंवा मॉडेल बनवणाऱ्यांची पातळ धारदार पाती घ्या आणि फक्त त्या सांध्याच्या रेषेत चालवा. पातं सांध्याच्या आत घसरू देऊ नका: कॉइलची तार 0.063 मिलिमीटर जाड असते, एका कॉइलला साधारण पाच हजार वेढे असतात आणि त्यातला बाहेरचा एक वेढा तुटला तरी ती कॉइल मेली. सांधा सुटल्यावरही कव्हर हलत नसेल तर ते आतल्या मेणाने धरलंय. हेअर ड्रायर मिनिट-दोन मिनिटं फिरवा, कव्हर हाताला चांगलं गरम लागलं की दोन्ही टोकांना आळीपाळीने थोडं थोडं ओढत वर घ्या. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका.

खरी मेख सोल्डरिंगमध्ये आहे. घरात 25 वॅटचं सुईसारख्या टोकाचं सोल्डरिंग आयर्न असतं, सर्किट बोर्डाला ते छान. इथे ते नुकसान करतं. कव्हर आणि बेसप्लेट दोन्ही मिळून उष्णता गिळत राहतात, तुम्ही अर्धा मिनिट टेकवून बसता, तोवर आतलं मेण वितळतं, बॉबिन वाकते आणि तरीही सोल्डर दाणेदार, मातकट राहतो. 60 ते 80 वॅटचं, पाचेक मिलिमीटर रुंद छिन्नीसारख्या बिटचं आयर्न हवं; तापमान ठरवता येत असेल तर 380 ते 400 अंश. जास्त उष्णता थोड्या वेळासाठी, हा नियम. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत अशी आयर्न सहज मिळतात. सोल्डर 63/37 चा (कथील आणि शिसं), आत राळेचा फ्लक्स (सोल्डर नीट धरावा म्हणून लागणारा पदार्थ) असलेला. शिसं असतं, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि नंतर हात धुवा.

पत्र्याची तयारी कल्हईवाल्यासारखी करायची. तो भांडं आधी घासून लख्ख करतो, मगच कथील फिरवतो, कारण मळक्या धातूला कथील चिकटत नाही. इथेही तेच. क्रोमवर सोल्डर अजिबात धरत नाही, म्हणून कव्हरच्या आतल्या काठावर, जिथे सांधा येणार तिथे, सहा-सात मिलिमीटरचा तुकडा पॉलिश पेपरने घासून खालचा धातू उघडा करा. बेसप्लेटच्या कडेलाही तेवढीच जागा घासा. कचरा झटकून टाका. लोखंडी कानशीचे कण चुंबकाकडे धावतात आणि बॉबिनजवळ जाऊन बसतात. मग दोन्ही जागांवर वेगवेगळा सोल्डरचा पातळ थर चढवून घ्या. कल्हईवाल्याची एक गोष्ट मात्र घ्यायची नाही: नवसागर. नवसागर किंवा नळकामाचा आम्लयुक्त फ्लक्स मागे क्षार सोडतो आणि काही महिन्यांत तांब्याची बारीक तार खाऊन टाकतो. फ्लक्स राळेचाच.

सोल्डर करण्याआधी कव्हर कोरडंच बसवून बघा. सहाही स्क्रू हाताने सहज खाली गेले पाहिजेत आणि बेसप्लेट कव्हरच्या काठाशी सगळीकडे सारखी टेकली पाहिजे. कव्हरच्या दर्शनी भागावर मास्किंग टेप लावा, मऊ कापडावर पालथं ठेवा आणि लाकडी पट्टी मध्ये घालून क्लॅम्पने हलकं आवळा. हा दाब महत्त्वाचा: आता राहिलेली फट कायमची राहते.

इथेच मेणाचा प्रश्न येतो, आणि तुमच्या शिट्टीचं उत्तरही. कव्हर हा पातळ पत्रा आहे. तो बॉबिनला चिकटून नसेल तर मोठ्या आवाजात स्वतंत्रपणे थरथरतो. त्या थरथरीने चुंबकीय क्षेत्र हलतं, पिकअप ती हालचाल सिग्नल म्हणून पुढे पाठवतो, स्पीकरचा आवाज परत कव्हरला हलवतो, आणि हे चक्र कर्कश शिट्टीत संपतं. तारांवर हात ठेवला तरी ती थांबत नाही, ही तिची खूण. तारांमुळे होणारा फीडबॅक हात ठेवला की थांबतो.

उपाय म्हणजे पोकळी मेणाने भरणं. पॅराफिन मेण चार भाग आणि मधमाश्यांचं मेण एक भाग. नुसतं पॅराफिन थंडावल्यावर तडकतं, मधमाश्यांच्या मेणाने ते चिवट राहतं. मेणाचं भांडं पाण्याच्या पातेल्यात ठेवून तापवा, थेट आचेवर कधीच नाही. मेणाची वाफ पेट घेते. थर्मामीटर मेणात ठेवा आणि 65 अंशांच्या वर जाऊ देऊ नका. सत्तरी ओलांडली की जुन्या पद्धतीच्या प्लॅस्टिक बॉबिन वाकायला लागतात. कारखान्यातच मेणात बुडवून आलेल्या पिकअपला सगळं परत करायची गरज नाही. उलट्या कव्हरमध्ये एक चमचा वितळलेलं मेण ओता, ड्रायरने कोमट केलेला पिकअप त्यात बसवा, दाबा, बाहेर आलेलं मेण पुसा, सोल्डरच्या जागा कापडाने नीट स्वच्छ करा आणि मग क्लॅम्प लावून सांधे जोडा. मेणाचा अंश राहिला तर सोल्डर धरणार नाही. ज्यात मेण कधीच नव्हतं आणि जो आधीच शिट्टी मारतो, तो पिकअप कव्हर सोल्डर केल्यावर अख्खा मेणात सोडा. बुडबुडे यायचे थांबले की काढा. साधारण दहा ते वीस मिनिटं.

जुन्या पद्धतीचे काही पिकअप मुद्दाम मेणाशिवाय बनवतात आणि त्यांच्या आवाजातली ती किंचित जिवंत थरथर अनेकांना हवी असते. मला ती पटते. असा पिकअप पूर्ण बुडवू नका, फक्त कव्हर आणि बॉबिनमधली फट मेणाने भरा. मेणाऐवजी सिलिकॉन वापरणारेही आहेत; व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं आणि तांबं गंजवतं, ते वापरू नका.

सांधा जोडताना बिटची सपाट बाजू कव्हर आणि बेसप्लेट दोघांनाही एकदम टेकवा, सोल्डर द्या, तीन-चार सेकंदांत तो पाण्यासारखा पसरला पाहिजे. नाही पसरला तर थांबा, थंड होऊ द्या, परत घासा. एका बाजूनंतर दुसरी बाजू करण्याआधी पाच मिनिटं थांबा. विजेच्या दृष्टीने एक सांधा पुरतो, दुसरा पकडीसाठी.

तपासणी पिकअप पूर्ण थंड झाल्यावर करा. तांब्याचा रोध दर अंशाला जवळपास 0.4 टक्के वाढतो, म्हणजे पिकअप 25 अंशांनी गरम असेल तर 7.8 चा आकडा 8.6 च्या जवळ दिसेल आणि तुम्ही उगाच घाबराल. थंड झाल्यावर आधीचाच आकडा यायला हवा. जवळपास निम्मा आला तर एक कॉइल शॉर्ट झालीय. काहीच आला नाही तर तार तुटलीय. कव्हर आणि अर्थची तार यांच्यात सलगता हवी, कव्हर आणि सिग्नलची तार शॉर्ट नको. कव्हर नुसतं चिकटवलं आणि अर्थला जोडलं नाही, तर ते अँटेनासारखं वागतं आणि बोट लावलं की गुरगुर वाढते.

गिटारवर फेज उलटा करणारा, म्हणजे पिकअपची दोन टोकं अदलाबदल करणारा, स्विच असेल तर आणखी एक काळजी. जाळीदार धातूच्या वेष्टणाची एकच तार असलेल्या पिकअपमध्ये बेसप्लेट, कव्हर आणि कॉइलचं अर्थचं टोक एकत्र असतात. फेज उलटा केला की कव्हरच सिग्नलला जोडलं जातं आणि हात लागताच घरघर येते. अशा जोडणीला चार तारा आणि वेगळी उघडी तार असलेला पिकअप लागतो. टेलिकास्टर गिटारच्या नेक पिकअपचं दुखणंही हेच: तिथे कव्हर एका छोट्या तारेने कॉइलच्या अर्थच्या टोकाला जोडलेलं असतं. चार पोझिशनचा स्विच लावायचा असेल तर ती जोडणी तोडून कव्हरसाठी तिसरी, स्वतंत्र अर्थची तार ओढावी लागते. त्या कव्हरच्या पाकळ्या खाली दुमडलेल्या असतात आणि दोन-तीनदा वाकवल्या की तुटतात, म्हणून तिथे फार वेळा उघड-मीट नको.

मुलाम्याचं थोडक्यात: निकल किंचित पिवळसर दिसतो आणि हळूहळू मंद होतो, क्रोम निळसर आणि टिकाऊ, सोनेरी मुलामा मनगटाच्या घामाने सर्वांत आधी उडतो. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट खाऱ्या हवेत सोनेरी कव्हरावर पैसे घालू नयेत असं माझं मत.

पिकअप परत बसवताना नेकच्या पिकअपचे पोल स्क्रू फ्रेटबोर्डकडे आणि ब्रिजच्या पिकअपचे ब्रिजकडे राहतील असं बघा. उघड्या पिकअपवर साधारण अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा चढलाय, म्हणून उंची नव्याने लावावी लागेल. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि पोलपासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंत मोजा: ब्रिजला 1.6 मिलिमीटर, नेकला 2.4 मिलिमीटर इथून सुरुवात करा. आवाज दबलेला वाटला तर कव्हरला दोष देण्याआधी पिकअप अर्धा फेरा वर घ्या. पोल स्क्रू सगळ्यात शेवटी, एकेका तारेचा जोर ऐकून, पाव-पाव फेऱ्याने.